आधी अंदाज, मग आकडा: वीज, चुंबक आणि प्रकाशाचा सराव घरच्या घरी

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’मध्ये दहा प्रकरणं आहेत. त्यांतली ‘विद्युतधारेचे परिणाम’, ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ ही तीन प्रकरणं वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांची. नववीचं ‘धाराविद्युत’ आणि ‘प्रकाशाचे परावर्तन’ कच्चं राहिलं असेल, तर ही तीनही जड जातात. बोर्डाचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. सूत्रं पाठ असतात, सोडवलेली उदाहरणं वाचून झालेली असतात, आणि तरीही प्रश्नात एखादी दिशा उलटी केली किंवा व्होल्टचा आकडा बदलला की हात थांबतो.

हात थांबतो, कारण गणिताला बसण्याआधी उत्तर साधारण केवढं येईल याचा अंदाज बांधायची सवय नसते. गीझरमधून ८ अँपिअर धारा जाते की ८०० अँपिअर, हे ज्याला नीट ठाऊक आहे, त्याची दशांश चिन्हाची चूक त्याची त्यालाच सापडते. नुसती जास्त उदाहरणं सोडवून ही जाण येत नाही. खऱ्या वस्तूंचे खरे आकडे हाताळावे लागतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथे राहणाऱ्या मुलामुलींना त्यासाठी लांब जायची गरज नाही. सोसायटीची मीटर रूम, स्वयंपाकघर, लोकल, मेट्रो आणि आजीचा चाळिशीचा चष्मा एवढं पुरे आहे.

वहीचे तीन रकाने

सरावासाठी एक वेगळी वही घाला. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: अंदाज, आकडा, कारण. उदाहरण पुस्तकातलं असो किंवा घरातलं, पहिला रकाना पेनने भरायचा आणि तो नंतर खोडायचा नाही. मग गणित करून किंवा मोजून दुसरा रकाना भरायचा. अंदाज आणि आकडा जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, ते तिसऱ्या रकान्यात एका वाक्यात लिहायचं. तुमचं खरं शिकणं त्या तिसऱ्या रकान्यात होतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उजळणीला तोच रकाना काढा.

सुरुवात करण्याआधी तीन नियम. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर कोणताही प्रयोग करायचा नाही. प्रयोग फक्त दीड व्होल्टच्या सेलवर. मीटर रूममध्ये मोठ्या माणसाबरोबरच जायचं, नुसतं बघायचं, हात कशालाही लावायचा नाही. आणि भिंगातून किंवा चष्म्यातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही.

वीज: सुरुवात मीटरपासून

मुलुंडला वीज महावितरणची येते, अंधेरी-बोरिवलीत बहुतेक घरांना अदानीची. बिलावर नाव कोणाचंही असलं तरी मीटर मोजतो ते किलोवॅट-तास, म्हणजे आपलं युनिट. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. ज्यूलमध्ये सांगायचं तर ३६ लाख ज्यूल. हे रूपांतर परीक्षेत हमखास लागतं, म्हणून ते पाठ न करता एकदा स्वतः करून बघा: १००० वॅट × ३६०० सेकंद.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. आता घरातली सगळी बटणं बंद करून ७५ वॅटचा एकच पंखा दहा मिनिटं चालू ठेवायचा. दिवा किती वेळा लुकलुकेल? ७५ वॅट म्हणजे ०.०७५ किलोवॅट, दहा मिनिटं म्हणजे एक षष्ठांश तास, गुणाकार ०.०१२५ युनिट. त्याला ३२०० ने गुणलं की ४०. मग एकाने घरात थांबायचं, दुसऱ्याने बाबांबरोबर खाली मीटरसमोर उभं राहायचं आणि मोजायचं. मोजणी ६० आली तर फ्रिज चालू राहिला का, सेट-टॉप बॉक्स स्टँडबायवर आहे का, वायफायचा राउटर विसरला का, ते शोधा. तेच उत्तर तिसऱ्या रकान्यात जाईल.

दुसरं उदाहरण गीझरचं. त्यावर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलेलं आहे. धारा किती? २००० ÷ २३०, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर. म्हणून त्याला १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग लागतो, ६ अँपिअरचा चालत नाही. रोध किती? २३० × २३० ÷ २०००, म्हणजे सुमारे २६.५ ओहम. आता खरी परीक्षा: व्होल्टेज उतरून २०० झालं तर गीझरची शक्ती किती राहील? अनेकजण पुन्हा २००० वॅटच धरतात आणि धारा वाढली असं लिहितात. उपकरणाचा रोध त्याच्या तारेवर ठरतो. तो आपण कायम धरतो. म्हणून २०० × २०० ÷ २६.४५, म्हणजे सुमारे १५१२ वॅट. व्होल्टेज १३ टक्क्यांनी उतरलं, शक्ती मात्र २४ टक्क्यांनी. शक्ती व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते, हे वाक्य आता सूत्राशिवायही लक्षात राहील. वेगवेगळी सूत्रं समोर असली की आधी स्वतःला विचारा: इथे काय बदलतंय आणि काय कायम आहे? सूत्र त्यावरून निवडा.

एकसर आणि समांतर जोडणीचा गोंधळ याच प्रश्नाने सुटतो. एकसर जोडणीत सगळ्यांतून धारा तीच जाते, समांतर जोडणीत सगळ्यांना विभवांतर तेच मिळतं. कागदावर हे उदाहरण सोडवा: तारेचे दोन जुने बल्ब, एक ४० वॅटचा आणि एक १०० वॅटचा, २३० व्होल्टला एकसर जोडले. जास्त उजेड कोण देईल? बहुतेकांचा अंदाज १०० वॅटचा. रोध काढून पाहा: ४० वॅटच्या बल्बचा सुमारे १३२२ ओहम, १०० वॅटच्या बल्बचा ५२९ ओहम. धारा दोघांतून तीच, म्हणून जास्त रोधाच्या बल्बमध्ये जास्त शक्ती खर्च होते. रोध तापमानाने बदलत नाही असं धरलं, तर ४० वॅटच्या बल्बला सुमारे २० वॅट मिळतात आणि १०० वॅटच्या बल्बला जेमतेम ८.

स्वयंपाकघरातल्या एक्स्टेन्शन बोर्डाचं गणित तर प्रत्येक घरात व्हायला हवं. ६ अँपिअरच्या बोर्डावर जास्तीत जास्त २३० × ६, म्हणजे १३८० वॅटचा भार टाकता येतो. त्यावर १५०० वॅटची किटली लावली की भार मर्यादेबाहेर गेला. निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून मर्यादा थोडीशी ओलांडली तरी वायर त्यापेक्षा बरीच जास्त तापते. वितळतार आणि एमसीबी यांचं काम लिहायला सांगितलं की हे गणित उत्तरात घाला.

लोकलच्या तारेतलं उदाहरण

भारतातली पहिली विजेवर चालणारी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. तिला १५०० व्होल्टची दिष्ट धारा मिळत होती. मुंबईच्या लोकल पुढे कित्येक दशकं याच व्होल्टेजवर चालल्या. मग टप्प्याटप्प्याने बदल झाला: पश्चिम रेल्वेवर तो २०१२ मध्ये पूर्ण झाला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये. आज बोरिवलीची असो वा मुलुंडची, लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा असते. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो पहिल्यापासूनच २५,००० व्होल्टवर आहे.

एवढा खर्च करून व्होल्टेज का वाढवलं? सरावापुरतं धरा की एका गाडीला ३० लाख वॅट शक्ती हवी आहे. १५०० व्होल्टवर धारा होते २००० अँपिअर. २५,००० व्होल्टवर फक्त १२० अँपिअर. धारा सुमारे १६.७ पट कमी झाली. तारेचा रोध तोच धरला, तर तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती १६.७ च्या वर्गाने, म्हणजे सुमारे २७८ पटींनी घटली. जाड तारांची आणि जवळजवळच्या उपकेंद्रांची गरजही त्याबरोबर कमी होते. ‘विद्युतशक्ती दूर नेताना उच्च विभवांतर का वापरतात?’ या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उदाहरण मुंबईकर विद्यार्थ्याला मिळणार नाही.

चुंबकत्व: दिशा हातात बसवा

या भागात गुण जातात ते दिशेवर. म्हणून आधी हात ओळखा. सरळ तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र काढायला उजव्या हाताचा अंगठ्याचा नियम. विद्युत मोटारीत तारेवर लागणारं बल काढायला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम: तर्जनी क्षेत्राची, मधलं बोट धारेचं, अंगठा बलाचा. जनित्रातल्या प्रवर्तित धारेसाठी फ्लेमिंगचा उजव्या हाताचा. परीक्षेत उजव्या हातात पेन असतो, डावा मोकळा असतो. मोकळा म्हणून डावा आणि सवयीचा म्हणून उजवा, अशी अदलाबदल होते. दिशेचा प्रश्न आला की पेन खाली ठेवा, प्रश्न मोटारीचा की जनित्राचा ते समासात लिहा, मगच हात उचला.

सरावाला आपल्याच दिशा घ्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे अंधेरीहून बोरिवलीच्या बाजूला आहे. इमारतीतल्या एका उभ्या तारेतून दिष्ट धारा खालून वर जाते आहे. तारेवर बल कुठल्या दिशेने? डाव्या हाताची तर्जनी उत्तरेला, मधलं बोट आकाशाकडे. अंगठा पश्चिमेला, वर्सोव्याच्या समुद्राकडे वळतो. आता धारा प्रत्यावर्ती असेल तर? आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या धारेची दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते, बलाची दिशाही तितक्याच वेळा उलटते, आणि तार एका बाजूला ओढली जात नाही. दुसरा प्रश्न: उत्तरेकडे धारा वाहणारी तार होकायंत्राच्या वर धरली तर सुईचं उत्तर टोक कुठे वळेल? उजव्या हाताचा नियम लावा. ते पश्चिमेला वळतं. १८२० मध्ये कोपनहेगनमध्ये ओरस्टेड यांना सुईचं वळणं दिसलं, आणि वीज व चुंबकत्व यांचं नातं जगाला कळलं.

या नात्याची मुंबईतली साक्ष फार मोलाची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या धारेमुळे निर्माण होणारं क्षेत्र या नाजूक नोंदी बिघडवणार हे उघड होतं. संचालक नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला नेली गेली. जुन्या आणि नव्या नोंदी जुळाव्यात म्हणून दोन्ही ठिकाणी १९०४ ते १९०६ या काळात एकाच वेळी मोजणी केली गेली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. धारेचा चुंबकीय परिणाम किती खरा असतो, याचं उदाहरण म्हणून हा प्रसंग उत्तरात दोन ओळींत लिहिता येतो.

घरी करायचा प्रयोग विद्युतचुंबकाचा. लांब लोखंडी खिळ्यावर प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक तार २५ वेढे गुंडाळा, टोकं एका सेलला जोडा आणि किती टाचण्या चिकटतात ते मोजा. पाच सेकंदांत तार सोडवा. तारेचा रोध नगण्य असल्याने धारा मोठी असते, सेल आणि तार दोन्ही तापतात. आता ५० वेढ्यांना किती टाचण्या चिकटतील ते आधी वहीत लिहा. दुप्पट येतीलच असं नाही: तार लांबली, रोध थोडा वाढला, सेल थोडा उतरला, शिवाय टाचण्याच एकमेकींना धरून ठेवतात. ही कारणं शोधणाऱ्याला नालकुंतलाच्या क्षेत्राची तीव्रता कशावर अवलंबून असते हे पाठ करावं लागत नाही.

विद्युतचुंबकीय प्रवर्तनासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतला गॅल्व्हॅनोमीटर लागेल. सरांना किंवा बाईंना विनंती करा आणि तीन अंदाज लिहून न्या: चुंबक कुंडलात झटकन नेला तर, सावकाश नेला तर, आणि आत ठेवून स्थिर धरला तर. तिसऱ्या वेळी काटा शून्यावर असतो. क्षेत्र बदलतं तेव्हाच धारा प्रवर्तित होते. घरात हेच तत्त्व इंडक्शन शेगडी वापरते. फ्रिजवरचा चुंबक घेऊन भांड्यांच्या बुडांना लावून बघा. जिथे तो घट्ट चिकटतो ते भांडं शेगडीवर चालतं. ॲल्युमिनियमच्या साध्या पातेल्याला तो चिकटत नाही, आणि ते तापवायला शेगडी तयार होत नाही.

प्रकाश: खिडकी, पातेलं आणि चष्मा

बहिर्वक्र भिंग घ्या, खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवा आणि समोरच्या इमारतीची स्पष्ट उलटी प्रतिमा मिळेपर्यंत भिंग पुढेमागे करा. भिंग आणि कागद यांतलं अंतर म्हणजे जवळजवळ नाभीय अंतर. ‘जवळजवळ’ का, ते गणिताने पाहा. नाभीय अंतर १० सेंमी आणि समोरची इमारत १० मीटरवर असेल, तर प्रतिमा १०.१ सेंमीवर पडते. फरक एका मिलिमीटरचा. आपल्या उपनगरात इमारती किती दाटीने उभ्या आहेत हे माहीत आहेच. तरीही भिंगाच्या दृष्टीने समोरची गॅलरी अनंत अंतरावरच आहे.

मग चिन्हांचा सराव. वस्तू भिंगाच्या डावीकडे, तिचं अंतर नेहमी ऋण. याच भिंगासमोर मेणबत्ती ३० सेंमीवर ठेवली तर प्रतिमा १५ सेंमीवर, उलटी, निम्म्या उंचीची. १५ सेंमीवर ठेवली तर प्रतिमा ३० सेंमीवर, उलटी, दुप्पट. दोन्ही उत्तरं एकमेकांची अदलाबदल आहेत, आणि हा ताळा प्रत्येक वेळी वापरता येतो. सूत्रात आकडे घालण्याआधी किरणाकृतीचं कच्चं चित्र काढा. प्रतिमा कुठल्या बाजूला पडेल, उलटी की सुलटी, हे चित्र सांगतं, आणि चिन्हाची चूक तिथेच पकडली जाते.

चष्म्याचा नंबर हे दुसरं चांगलं साधन. भिंगाची शक्ती म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त. आजीचा नंबर +१.५ असेल तर नाभीय अंतर सुमारे ६७ सेंमी; वर्गमैत्रिणीचा −२ असेल तर −५० सेंमी. कोणतं भिंग बहिर्वक्र हे नंबर न बघता ओळखता येतं: चष्मा हातभर लांब धरून त्यातून दूरची वस्तू पाहा आणि चष्मा हळूच बाजूला सरकवा. वस्तू उलट दिशेने सरकताना दिसली तर बहिर्वक्र, त्याच दिशेने सरकली तर अंतर्वक्र. वृद्धदृष्टिता, दूरदृष्टिता आणि निकटदृष्टिता यांतला फरक घरातल्या माणसांच्या नावांनी वहीत लिहा. मग गोंधळ होत नाही.

अपवर्तनाला स्टीलचं पातेलं पुरतं. तळाशी नाणं ठेवून १२ सेंमी पाणी भरा आणि वरून पाहा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून नाणं ९ सेंमी खोलीवर असल्यासारखं दिसतं. हेच गणित पोहण्याच्या तलावाला लावा: १८० सेंमी खोल पाणी वरून १३५ सेंमी वाटतं. पोहता न येणाऱ्या मुलाने खोली डोळ्यांनी ठरवायची नाही, हे या एका भागाकाराने पटतं.

पेपर लिहिताना आणि पेपरआधी

उदाहरण सोडवताना चार पायऱ्या दिसू द्या: दिलेली माहिती, सूत्र, आकडे भरणं, एककासह उत्तर. मिनिटांचे सेकंद आणि सेंटिमीटरचे मीटर पहिल्याच पायरीत करून घ्या. मोटार, जनित्र, नालकुंतल आणि मानवी डोळा यांच्या आकृत्या पुस्तक मिटून पेन्सिलने काढा आणि मग ताडून पाहा. किरणाकृतीवर बाण नसेल तर ती अपुरीच. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नात आधी नियम, मग तो इथे कसा लागू होतो, मग परिणाम, असा क्रम ठेवा.

आठवड्याला चार बैठका पुरतात. एक विजेच्या उदाहरणांची, एक चुंबकीय दिशांची, एक किरणाकृती आणि भिंगाच्या सूत्राची, आणि चौथी तिसरा रकाना वाचण्याची. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, तेव्हा मागच्या वर्षीचं पुस्तक हरवलं ही अडचण उरत नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक पूर्ण दिवस घालवा. नववीतल्या मुलांनी बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचा विचार जरूर करावा. तिच्यात प्रात्यक्षिक परीक्षेचा टप्पा असल्यामुळे हाताने करून पाहणाऱ्याचं चीज होतं.

आई-बाबांना एक विनंती. ‘आज किती उदाहरणं झाली?’ ऐवजी ‘आज तुझा कुठला अंदाज चुकला आणि का?’ असं विचारा. मुलांना चुकलेला अंदाज लपवावासा वाटला नाही, की सराव आपोआप वाढतो. येत्या महिन्याचं विजेचं बिल आलं की ते उघडण्याआधी घरातल्या प्रत्येकाने युनिटांचा आकडा कागदावर लिहावा. ज्याचा आकडा सर्वांत जवळ येईल, त्याने तो कसा काढला हे बाकीच्यांना समजावून सांगावं. पंखे किती, किती तास, गीझर किती मिनिटं, हे मांडत गेलं की ‘धाराविद्युत’ची अर्धी उजळणी जेवणाच्या वेळेतच होऊन जाईल.